किरकोळ अंग, वाढतं पोट

हरसूलचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक वेळा कुपोषण, पाणीटंचाई किंवा स्थलांतराच्या बातमीत. नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्याचं हे पश्चिमेचं टोक. गुजरातची हद्द जवळ, एका बाजूला पेठ तालुक्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाडा. महादेव कोळी, कोकणा, वारली या आदिवासी समाजांची पाड्यापाड्यांतली वस्ती. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर या पट्ट्याकडे पाहण्याची एक रीतच पडून गेली. सरकारी अधिकारी असो, स्वयंसेवी कार्यकर्ता असो की पत्रकार, इथे आलं की पहिली चौकशी मुलांच्या वजनाची. अंगणवाडीतला काटा, मुलाच्या दंडाभोवती लावायची रंगीत पट्टी, तक्त्यातली लाल रेघ हीच इथल्या आरोग्याची मापं झाली. ती मापं आजही लागतात आणि उद्याही लागतील.

या भागाचा अभिमानाचा चेहराही काटक आहे. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तिनं रौप्य मिळवलं. पुढे अर्जुन पुरस्कार आणि रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून तिची ओळख झाली आणि डोंगर चढत-उतरत वाढलेलं, कणखर, चरबीचा अंशही नसलेलं शरीर हेच हरसूल परिसराचं चित्र आपल्या मनात पक्कं बसलं.

अशा गावाच्या नावाशेजारी लठ्ठपणा हा शब्द लिहिला की कुणालाही खटकेल. लठ्ठपणा नाशिकच्या कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवर, पुण्या-मुंबईत, हरसूलला कुठला? पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडच्या संशोधनातून जे हाती आलं आहे, ते या समजाला सरळ छेद देतं. कमी वजनाचं बाळ, राबून झिजलेली आई आणि पन्नाशीच्या आत साखर झालेला बाप या तीन वेगळ्या घरांतल्या गोष्टी नाहीत. बऱ्याचदा एकाच घरातल्या असतात आणि त्यांचं मूळही एकच असतं. म्हणून नाशिक शहरातला लठ्ठपणा आणि हरसूलचं कुपोषण एकाच लेखात मांडायला हवं.

वजनाच्या पुढे धावणारं पोट

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातल्या २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ च्या फेरीत ते प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेलं. शहरात दर तीन बायकांमागे एक, खेड्यात दर पाचांमागे एक असा आजचा हिशेब. म्हणजे शहर पुढे आहेच, पण खेडं फार मागे राहिलेलं नाही. महाराष्ट्राचं चित्र तर विचार करायला लावणारं आहे. राज्यात सुमारे २३ टक्के स्त्रियांचं वजन जास्त, तर सुमारे २१ टक्के स्त्रियांचं वजन गरजेपेक्षा कमी. एकाच राज्यात, कित्येकदा एकाच तालुक्यात, जवळजवळ सारख्याच संख्येने दोन्ही टोकं नांदत आहेत.

पण या आकड्यांतली खरी मेख वजनात नाही, कंबरेत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीत देशभरातल्या १,१३,०४३ प्रौढांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. वजन-उंचीच्या हिशेबाने लठ्ठ ठरलेले २८.६ टक्के, पण पोटाच्या घेराने लठ्ठ ठरलेले ३९.५ टक्के. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, महाराष्ट्र होता. तेव्हाही तोच कल होता : वजनाने लठ्ठ १६.६ टक्के, पोटाने लठ्ठ १८.७ टक्के. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१९-२१ मध्ये पहिल्यांदाच कंबर आणि नितंबांचं गुणोत्तर मोजलं, तर देशातल्या ५६.७ टक्के स्त्रिया आणि ४७.७ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेपलीकडे निघाले.

याचा अर्थ असा की काट्यावर ज्यांचं वजन ठीक दिसतं, अशा लाखो माणसांच्या पोटात चरबी साठलेली आहे. मांड्यांवर किंवा कातडीखाली साठणारी चरबी तुलनेने गरीब. पोटातली, यकृताभोवतीची चरबी मात्र घातक. ती इन्सुलिनचं काम बिघडवते, रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढवते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांना त्रास देते. म्हणूनच भारतीयांसाठी मापं वेगळी ठरवावी लागली. जगभर बॉडी मास इंडेक्स २५ च्या पुढे गेला की जास्त वजन धरतात. आपल्याकडे २३ लाच सावध व्हायचं आणि २५ ला लठ्ठपणा मानायचा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत हवी.

हे माप प्रत्यक्षात किती चिंचोळं आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. १५२ सेंटिमीटर म्हणजे सुमारे पाच फूट उंचीची बाई घेऊ. या पट्ट्यात ही उंची अगदी सर्रास. तिचं वजन ४३ किलोच्या खाली गेलं तर ती कुपोषित. ५३ किलोवर गेलं की भारतीय मापाने जास्त वजनाची. ५८ किलोवर लठ्ठ. कुपोषण आणि जादा वजन यांच्यात जेमतेम दहा किलोंचं अंतर. दोन बाळंतपणं, नंतर शहरात मिळालेलं बैठं काम आणि ताटात वाढलेलं तेल-साखर एवढ्यावर हे अंतर पाच-सात वर्षांत कापलं जातं. मधल्या काळात तिला बरं वाटतं आणि घरचेही खूश असतात, कारण ती ‘अंगाने भरली’ आहे.

नाशिकचे पाय थांबले

गोदाकाठचं तीर्थक्षेत्र, भोवती भाजीपाला आणि द्राक्षांची शेती, असं नाशिक अर्ध्या शतकात कारखान्यांचं शहर झालं. ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर आणि अंबडला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी सिडकोची घरं झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर होती. आज ती कितीतरी पुढे गेली आहे. पहिल्या पिढीचा कामगार सायकलवर कंपनीत जायचा, आठ तास उभा राहून मशीन चालवायचा. त्याचा मुलगा दुचाकीवर जातो, संगणकासमोर बसतो, रात्री उशिरा जेवतो आणि रविवारी मिसळ खायला गाडी काढतो. मिसळीत वाईट काही नाही. मोड आलेली मटकी हे उत्तम अन्न आहे. पण तिच्यावर तर्रीचा तवंग, सोबत पाव, वर फरसाण, आणि ते खाऊन झाल्यावर दिवसभरात पाचशे पावलंही चालायची नसतील तर शरीराने ते जिरवायचं कसं?

तेलाचा हिशेब पाहिला की उलगडा होतो. आपल्याकडे दरडोई खाद्यतेल वर्षाला एकोणीस-वीस किलोंवर पोचलं आहे. आहारतज्ज्ञांची शिफारस बारा किलोंची आहे. म्हणजे माणशी सात-आठ किलो तेल दरवर्षी गरजेपेक्षा जास्त. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात. चार माणसांच्या घरात वर्षाकाठी तीस किलो जादा तेल जात असेल तर ते कुठे ना कुठे साठणारच.

नाशिकने या प्रश्नाला उत्तरही दिलं आहे. गोल्फ क्लबच्या मैदानावर पहाटे चालणाऱ्यांची रांग लागते, पांडवलेणीच्या पायऱ्या रोज चढणारे नेमाने येतात, सायकल चालवणाऱ्यांची मोठी चळवळ या शहरात रुजली. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही जगातली खडतर सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हा शहराचा ऊर भरून आला. हे सगळं मनापासून कौतुकाचं आहे. पण पहाटे पाचला चालायला कोण जाऊ शकतं? ज्याची सकाळ मोकळी आहे तो. अंबडच्या शिफ्टमधला कंत्राटी कामगार, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक यांना ना पहाट मोकळी मिळते ना संध्याकाळ. सुरक्षारक्षक बारा तास खुर्चीत बसतो आणि भूक मारायला चहा-बिस्किट खातो. पूर्वी पोट सुटणं ही सावकाराची ओळख होती. आज ते खालच्या थरांत उतरतं आहे, आणि या थरातली बरीचशी माणसं हरसूल-पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांतूनच शहरात आलेली आहेत.

घाटाखालचं ताट

नाशिकहून गिरणारे आणि वाघेरा घाटमार्गे हरसूलला उतरलं की जमीन बदलते. खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, कडेला उडीद आणि खुरासणी. जुन्या ताटात नागलीची भाकर, उडदाची आमटी, सुकटाचं किंवा ओढ्यातल्या मासळीचं कालवण, पावसाळ्यात रानभाज्या आणि फोडणीपुरतं खुरासणीचं तेल. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदूळ आणि गहू तिच्या आसपासही फिरकत नाहीत. तंतुमय असल्याने ती सावकाश पचते, पोट धरून ठेवते आणि रक्तातली साखर एकदम उसळू देत नाही.

पण या ताटाचं गुणगान शहरात बसून करणं फार सोपं आहे. त्यामागचे कष्ट बायकांच्या पाठीवर होते. राब भाजणं, पावसात वाकून आवणी, नागलीची झोडणी, वरईचं कांडण, जात्यावरचं दळण, जळणाची मोळी आणि पाणी. खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्यात तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या बायकांची छायाचित्रं राज्यभर पोचली, तेव्हा कुठे २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल बसला. अशा आयुष्यात वजन वाढणार नाही हे खरं, पण त्याला निरोगी आयुष्य म्हणता येत नाही. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. ज्यांच्या वाट्याला कष्ट जास्त आणि जेवण शेवटी, त्यांची गत काय असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून दळणाची गिरणी आली, नळ आला, मोटारसायकल आली याचं स्वागतच करायला हवं. कष्ट कमी होणं हा त्या बाईचा हक्क आहे. प्रश्न आहे तो कष्ट कमी होताना ताटात काय आलं, याचा.

ताटात आधी आलं रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळू लागलं. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. या धान्याने उपासमार थोपवली. त्याचं मोल कमी लेखणाऱ्याने भुकेची रात्र पाहिलेली नसते. पण हे धान्य म्हणजे तांदूळ आणि गहू. दुकानात तांदूळ फुकट मिळतो म्हटल्यावर वरकसात वाकून नागली कोण लावणार? देशात नागलीखालचं क्षेत्र साठच्या दशकाच्या मानाने निम्म्याहून खाली आलं आहे. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला : एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. सण गोड व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण गरिबाचा आनंद म्हणजे साखर आणि पामतेल, हे आपण किती सहज धरून चालतो, तेही त्या पिशवीतून दिसलं. डाळ सोडली तर नागलीच्या मुलखातलं, नागलीच्या तोडीचं त्यात काहीच नव्हतं.

दुसरा बदल स्थलांतराचा. भात कापून झाला, दिवाळी सरली की इथली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी माणसांची गर्दी उभी राहते आणि बागायतदाराच्या पिकअपमध्ये बसून पांगते. मळ्यावरच्या शेडमध्ये नागली दळून भाकरी थापायला ना वेळ असतो ना सोय. भात, बटाटा, पातळ डाळ. मधल्या वेळी चहा-बिस्किट, वडापाव. तोंडाला या चवीची सवय लागते आणि चार महिन्यांनी माणूस ती सवय घेऊन पाड्यावर परततो.

पाच रुपयांची पुडी

हरसूलच्या आठवडे बाजारात आजही एका कडेला नागली, उडीद, सुकट, बोंबील घेऊन बसलेल्या बायका दिसतात. पण रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर वरपासून खालपर्यंत लटकतात त्या चकचकीत पुड्यांच्या माळा. तिखट-मीठ लावलेले मैद्याचे नि मक्याचे कुरकुरीत तुकडे, गोड केक, क्रीमची बिस्किटं, रंगीत सरबतं. पाच रुपयांना एक पुडी, दहाला मोठी. पाड्यावरचं दुकान पेटीएवढं असलं तरी त्यात या माळा असतातच. जिथे एसटी दिवसातून मोजून फिरते, ताजी भाजी चार महिने दुर्मीळ असते आणि फळ विकत घेणं चैनीत मोडतं, तिथे ही पुडी बारा महिने न चुकता पोचते. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला ती, कामावरून आलेल्या बापाने हातात ठेवायला ती, पाहुण्यासमोर मांडायलाही ती.

ही सवय किती खोल गेली आहे, ते २०२२-२३ च्या राष्ट्रीय घरखर्च पाहणीत दिसतं. ग्रामीण भारतातलं कुटुंब महिन्याच्या खर्चातले ९.६२ टक्के पेयं आणि तयार, प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर घालवतं, तृणधान्यांवर ४.९१ टक्के. धान्य फुकट मिळाल्याने वाचलेला पैसा दूध, अंडी, डाळी, फळांकडे पुरेसा वळण्याऐवजी त्यातला मोठा वाटा पुडीकडे गेला. देशात अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांची विक्री २००६ साली सुमारे ९० कोटी डॉलर होती, ती २०१९ मध्ये जवळपास ३,८०० कोटी डॉलरवर गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू-सेवा कराचे दर बदलले. साखरेच्या फसफसत्या पेयांवर चाळीस टक्के कर लागला, ते योग्य झालं. पण बिस्किटं, चॉकलेट, नूडल्स, नमकीन पाच टक्क्यांच्या टप्प्यात आली. एका हाताने आवरायचं आणि दुसऱ्याने वाढायचं, असं हे धोरण आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांचा धडा

आता या सगळ्याच्या गाभ्याशी येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या दवाखान्यात मधुमेहाचे असे अनेक रुग्ण येत, जे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातल्या मधुमेह्यांपेक्षा कमी वयाचे आणि कितीतरी बारीक होते. कारण शोधताना ते गर्भापर्यंत मागे गेले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींची नोंद ठेवून ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. आठशे ग्रॅमचा फरक. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली तर ती जवळजवळ इंग्रज बाळाच्या तोडीची. कमी होते ते स्नायू आणि अवयव. वरून किरकोळ, आतून चरबीदार. याज्ञिकांनी याला ‘थिन-फॅट’ बाळ म्हटलं.

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या एका छायाचित्राने हे सगळ्या जगाला एका नजरेत समजावलं. त्यात याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

यामागची कारणमीमांसा अशी. आईला पोटभर आणि सकस मिळालं नाही तर गर्भातलं बाळ मेंदू वाचवतं, स्नायूंवर आणि स्वादुपिंडासारख्या अवयवांवर काटकसर करतं आणि टंचाईच्या आयुष्याची तयारी करून जन्माला येतं. ते मूल पुढे टंचाईतच वाढलं तर त्याचं निभावतं. पण त्याच्या आयुष्यात तेल, साखर, मैदा आणि खुर्ची आली की तेच शरीर गोंधळतं. स्नायू कमी असल्याने साखर वापरली जात नाही, इन्सुलिन पुरत नाही आणि चरबी थेट पोटात साठते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या बाळांचा पुढे आयुष्यभर पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांच्यातही मोठेपणी साखरेच्या तक्रारी जास्त आढळल्या. फरक इतकाच की हॉलंडचा दुष्काळ काही महिन्यांचा होता. आपल्या डोंगराळ मुलखात अर्धपोटी राहणं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे.

आता हरसूलकडे पुन्हा पाहा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या अंगणवाडीच्या तक्त्यात जी मुलं लाल रेघेजवळ होती, ती आज प्रौढ आहेत. कुणी अंबडच्या कंपनीत, कुणी रखवालदार, कुणी रिक्षावर, कुणी गावातच मोटारसायकलवर फिरून व्यवसाय करतो आहे. त्यांच्या शरीराची घडण कुपोषणाने झाली आणि आजचं ताट पुडीने भरलं. नाशिकच्या सुखवस्तू माणसाचं वजन २० किलोंनी वाढल्यावर जे बिघडतं, ते या तरुणाचं पाच-सात किलोंनीच बिघडू शकतं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्य समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवलं आहे की देशातल्या दर चार आदिवासी प्रौढांमागे एकाला उच्च रक्तदाब आहे. ज्या समाजाला आपण आजवर फक्त भुकेच्या नजरेने पाहिलं, त्याच्याकडे जीवनशैलीचे म्हणवले जाणारे आजार कधीच पोचले आहेत. आणि ‘जीवनशैली’ म्हणताना माणसाने ती स्वतः निवडलेली असते, असं आपण गृहीत धरतो. गिरणाऱ्याच्या बाजारात उभ्या असलेल्या मजुराने काय निवडलं होतं?

टेप लावावी कुठे

सरकारी यंत्रणेकडे या प्रश्नाचं एक साधन आधीच आहे. असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आशाताईने तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा सीबॅक फॉर्म भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटांची हालचाल, घरात कुणाला साखर-रक्तदाब-हृदयविकार आहे का. प्रत्येकाला गुण, आणि बेरीज चारच्या पुढे गेली की तपासणीला प्राधान्य. बाईची कंबर ८० पर्यंत असेल तर शून्य, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. पुरुषासाठी हीच मोजणी ९० पासून.

कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात टेप लावायची असते शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सोडल्यावर, उघड्या अंगावर किंवा पातळ कपड्यावर. पाड्यावरच्या एका खोलीच्या घरात सासरा उंबऱ्यात बसलेला असतो, पोरं भोवती जमलेली असतात, लुगड्याचा ओचा आणि परकराची गाठ नेमकी मापाच्याच जागी येते. मग टेप गाठीवरून फिरते किंवा अंदाजाने आकडा पडतो. बाई अंगाने किरकोळ दिसत असेल तर टेप काढायचीच गरज वाटत नाही. आणि जिची खरी तपासणी व्हायला हवी, ती किरकोळ दिसणारी, पण पोट पुढे आलेली बाई, तशीच निसटते. आशाताईचा यात दोष नाही. तिच्याकडे डझनभर कामं, तुटपुंजा मोबदला आणि पायी तुडवायचे डोंगर आहेत. तिला आडोसा, वेळ आणि या एका मापाचं महत्त्व समजावून देणारं प्रशिक्षण मिळायला हवं. माप घेतल्यावर पुढे साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात बारा महिने मिळायला हव्यात. स्थलांतराच्या चार महिन्यांत त्याच माणसाला द्राक्षबागेजवळच्या आरोग्य केंद्रातही त्याच कार्डावर त्या मिळाल्या पाहिजेत.

शहरात आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आहे. मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’, जूनमध्ये ‘वेगोव्ही’ भारतात आली. ज्यांना खरोखर गरज आहे, त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होईल. पण ही औषधं हरसूलच्या प्रश्नाचं उत्तर नाहीत. तिथला इलाज ताटात आणि आईच्या पोटातच सुरू व्हायला हवा.

आधी करायच्या गोष्टी

पहिली गोष्ट नागलीची. २०२५-२६ साठी केंद्राने नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर केला आहे. पण हमीभाव कागदावर असून उपयोग नाही, खरेदी केंद्र पाड्याच्या आवाक्यात हवं. हरसूल, पेठ, सुरगाण्याची नागली याच तालुक्यांच्या रेशन दुकानात, आश्रमशाळेत आणि अंगणवाडीत गेली तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि मुलाला कॅल्शियम. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. शहरातल्या दुकानांत नागलीची महागडी बिस्किटं आली, तीही साखर आणि मैदा घालून. नागली जिथे पिकते तिथल्या ताटात ती परत आणण्याचं काम मात्र अजून बाकीच आहे. त्यासाठी नागलीच्या झोडणीची आणि वरई कांडण्याची छोटी यंत्रं प्रत्येक गटाला द्यावी लागतील. जुनं ताट परत आणताना जुने कष्ट बाईच्या माथी मारता येणार नाहीत.

दुसरी गोष्ट गर्भवतीची. २०१५ पासून आदिवासी भागात गर्भवती आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं चौरस जेवण मिळतं. बाळाचं वजन वाढवणारी योजना म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं. ती चाळीस वर्षांनंतरचा मधुमेह टाळणारी योजनाही आहे. ते ताट एक दिवसही चुकता कामा नये, आणि त्यात डाळ, अंडं, पालेभाजी यांची कसूर होता कामा नये.

तिसरी गोष्ट पुडीची. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा छापणं सक्तीचं केलं आणि असे पदार्थ शाळांत विकायला बंदी घातली. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही काळा ठिपका कळतो. आपल्याकडे असा इशारा पुडीच्या दर्शनी भागावर यावा, ही मागणी कित्येक वर्षं रेंगाळते आहे. तो आला पाहिजे आणि आश्रमशाळेच्या फाटकाबाहेरची पुड्यांची माळ उतरली पाहिजे.

चौथी गोष्ट शहराची. नाशिकमध्ये चालण्यासाठी पहाट मोकळी असावी लागते, ही अवस्था बदलायला हवी. कामगार वस्तीत सावलीचे पदपथ, बसथांब्यापर्यंत निर्धोक चालत जाता येईल असे रस्ते, अंबड-सातपूरच्या उपहारगृहांत कमी तेलाचं स्वस्त जेवण, कंत्राटी कामगारांचीही वर्षातून एकदा कंबर आणि साखर मोजणारी तपासणी. यांतली एकही गोष्ट चैन नाही.

नाशिक शहर लठ्ठ होत गेलं तेव्हा कुणाला त्याची चाहूल लागली नाही, कारण तेव्हा ही माहिती हाताशी नव्हती. हरसूलच्या बाबतीत तसं म्हणायला जागा उरलेली नाही. किरकोळ अंगात पोट कसं वाढतं, त्याचं बी आईच्या उपाशी पोटात कसं पेरलं जातं आणि ते कोणत्या अन्नावर फोफावतं, हे महाराष्ट्रातल्याच गावांनी आणि महाराष्ट्रातल्याच डॉक्टरांनी जगाला शिकवलं. ते ज्ञान डोंगराच्या या टोकाला पोचवायला नवं संशोधन लागत नाही. मुलाच्या वजनाइतक्याच काळजीने त्याच्या आईबापाची कंबर मोजणारी आरोग्यसेवा लागते, आणि हरसूलच्या शेतात पिकणारं धान्य हरसूलच्याच रेशन दुकानात ठेवणारं सरकार लागतं. भूक आणि लठ्ठपणा यांच्याशी एकाच वेळी लढावं लागेल. एकीकडे लक्ष द्यायचं म्हणून दुसरीकडे पाठ फिरवली, तर ज्या मुलांना आपण मोठ्या शिकस्तीने जगवलं, तीच ऐन चाळिशीत आपल्या हातून जातील.